कुलपाला शुल्क नाही

हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी झालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती गळतीशी. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या. त्यांच्या बाथरूमचं छत ठिबकत होतं आणि वरच्या घराला सहा वर्षांपासून कुलूप होतं. मालक परदेशात. किल्ली मेव्हण्याकडे, मेव्हणे डोंबिवलीला, आणि त्यांना सवड होती ती थेट पुढच्या रविवारी. तोवर काकूंनी बादली लावली. अखेर दार उघडलं तेव्हा आत सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कबुतरांचा संसार थाटलेला होता आणि एक नळ कधीपासून कोण जाणे, झिरपत होता. सहाशे चौरस फुटांचं, दोन बाल्कन्यांचं, स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं घर.

त्याच महिन्यात जवळच्या रुग्णालयातल्या दोन परिचारिका एका ब्रोकरबरोबर इमारतीत घर बघून गेल्या. त्या घराचे मालक खाली माझ्याकडे आले, काय काय लागतं ते विचारायला. मी यादी सांगितली: नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, पोलीस पडताळणी, सोसायटीला रीतसर कळवणं आणि दरमहा बिनभोगवटा शुल्क.

"हे शुल्क त्या वरच्या बंद घराला किती लावता हो, सेक्रेटरी साहेब?"

"त्याला नाही लागत. त्यांनी भाड्याने दिलेलं नाही ना."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे घरात कोणी राहायला लागलं की राहत नसल्याचं शुल्क. आणि कोणीच राहत नसेल तर माफ."

नियम तसाच आहे. सभासद स्वतः न राहता दुसऱ्याला राहायला देतो तेव्हा सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के बिनभोगवटा शुल्क सोसायटीला घेता येतं. ही मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्ये घातली, कारण त्याआधी सोसायट्या मनाला येईल तेवढी रक्कम उकळत होत्या. घर नुसतं बंद ठेवलं तर मात्र काहीच नाही. त्या गृहस्थांनी घर भाड्याने दिलं नाही. 'मुलाचं लग्न होईपर्यंत राहू दे बंद' असं म्हणाले. महिन्याच्या दोन-तीनशे रुपयांपायी त्यांनी तसं केलं असं मी म्हणणार नाही. पण मुंबईत बंद घराचा आणि राहत्या घराचा हिशेब मांडायला बसलं की प्रत्येक रकान्यात बंद घरच वरचढ ठरतं, आणि त्या रकान्यांतला हा सगळ्यात छोटा.

२०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. दिल्ली आणि बंगळुरू प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास होती. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने हेच आकडे पुढे ठेवून म्हटलं होतं की, देशाच्या शहरी घरांपैकी सुमारे बारा टक्के घरं रिकामी आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला आहे. त्याच जनगणनेत मुंबईच्या झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या माणसांची संख्या ५२ लाखांच्या घरात होती, म्हणजे दर पाच मुंबईकरांतले दोन.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की जीभ सैल सुटते. चार लाख ऐंशी हजार घरांत पाच-पाच माणसं घातली तर चोवीस लाख लोकांची सोय झाली, असा हिशेब करून मोकळी होणारी भाषणं मी ऐकली आहेत. तो हिशेब खोटा आहे. जनगणनेच्या 'रिकाम्या' घरांत नव्या इमारतीतलं अजून ताबा न दिलेलं घर येतं, पडायला आलेल्या चाळीतली खोली येते, कोर्टात अडकलेलं घर येतं, आणि दोन भाडेकरूंच्या मधल्या महिन्यात सापडलेलं घरही येतं. कोणत्याही जिवंत शहरात काही घरं रिकामी लागतातच, नाही तर कोणाला घर बदलताच येणार नाही. शिवाय धारावीत राहणाऱ्या कुटुंबाला लोअर परळच्या चाळिसाव्या मजल्यावरचं घर भाड्याने मिळालं तरी तिथला मेंटेनन्स भरताना ते कुटुंब पुन्हा धारावीत येईल. बरं, हा आकडा आता दीड दशक जुना झाला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ मध्ये व्हायची आहे. ज्या शहरात जमिनीचा इंच इंच मोजला जातो, तिथे रिकामी घरं किती याचं आपलं उत्तर एका पिढीला जुनं होत चाललंय.

आकडा कच्चा असला तरी तो जिकडे बोट दाखवतो ती दिशा पक्की आहे. २०१२ मध्ये केंद्राच्या एका तांत्रिक गटाने देशाच्या शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची टंचाई असल्याचं सांगितलं होतं. हा आकडा सगळ्यांनी उचलला. बिल्डरांनी तर फार प्रेमाने उचलला. पण त्यातली मांडणी क्वचितच कोणी वाचली. त्या टंचाईत अजिबात छप्पर नसलेली कुटुंबं पाच लाखांच्या थोडी वर होती. प्रचंड मोठा वाटा दाटीवाटीने राहणाऱ्यांचा होता: एका खोलीत दोन जोडपी, लग्न होऊनही आईवडिलांच्या पार्टिशनपलीकडे झोपणारा मुलगा. आणि या टंचाईतली पंचाण्णव टक्क्यांहून जास्त कुटुंबं अल्प किंवा अत्यल्प उत्पन्नाची. म्हणजे टंचाई एका प्रकारच्या घरांची आणि कुलपं दुसऱ्याच प्रकारच्या घरांना. या दोहोंच्या मध्ये पूल बांधायचा तर तो भाड्याच्या घरांचा असतो. त्यावरची माणसं एक एक पायरी वर सरकत जातात: दहा बाय दहातून वन रूम किचनमध्ये, तिथून वन बीएचकेमध्ये. वरची एक खोली उघडली की खालची एक मोकळी होते. हा पूलच आपण मोडला. १९६१ मध्ये भारतातल्या शहरांत ५४ टक्के घरं भाड्याची होती. २०११ मध्ये २८ टक्के उरली.

तो कसा मोडला हे मुंबईत सांगायचं तर दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करावी लागते. युद्धाच्या काळात शहरात माणसांचा लोंढा आला, भाडी भडकली, आणि सरकारने भाडी गोठवली. हंगामी उपाय म्हणून. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने सप्टेंबर १९४० ची भाडी हीच पायरी धरली. त्या वेळी ते योग्यच होतं. गोदीत आणि गिरणीत राबणाऱ्याला त्या कायद्याने अक्षरशः डोक्यावर छप्पर दिलं, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतली अर्धी मुंबई त्याच आधारावर उभी राहिली. पण हंगामी कायद्याला मुदतवाढ देत देत आपण अर्धं शतक काढलं. भाडं गोठलेलं, रंगाचे-सिमेंटचे भाव चढते. मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. मग १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आलं, भाडेकरूंकडून उपकर घेऊन सरकारने दुरुस्त्या सुरू केल्या. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आज दरवर्षी मेच्या अखेरीस अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते ती बरीचशी त्यांतलीच. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं. तोवर पागडीचा, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे मोजून भाडेकरूपणाचा हक्क घ्यायचा व्यवहार इतका मुरला होता की १९९९ च्या नव्या कायद्याने तोच मुकाट्याने कायदेशीर केला.

या सगळ्यात कुलपाच्या दृष्टीने कळीची तारीख मला वेगळीच वाटते: १ फेब्रुवारी १९७३. भाडे कायदा चुकवायला मालकांनी तेव्हा लिव्ह अँड लायसन्सची पळवाट काढली होती. भाडेकरू म्हणायचंच नाही, 'परवानाधारक' म्हणायचं. सरकारने कायदा दुरुस्त केला आणि त्या दिवशी जो परवान्यावर जागेत राहत होता तो एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाला. ज्यांना राहायला जागा होती त्यांचं भलं झालं. पण त्या एका रात्रीत मुंबईतल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरमालकाच्या मनात जे बसलं ते आजवर निघालेलं नाही. "एकदा आत आला की बाहेर निघत नाही" हे वाक्य मी पंचविशीतल्या मुलांच्या तोंडूनही ऐकलंय. त्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

गंमत म्हणजे कायदा आता मालकाच्या बाजूचा आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालकाला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या न झिजवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. तरीही मुंबईत करार होतो तो अकरा महिन्यांचा. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी लागते म्हणून अकरा महिने, असं मूळ कारण होतं. महाराष्ट्रात आता एका महिन्याच्या करारालाही नोंदणी लागते, पण अकराचा आकडा काही सुटत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादासारखा तो प्रमाण ठरला आहे. त्यापायी भाडेकरूची मुलं दर दोन वर्षांनी शाळेची बस बदलतात. भीती कायद्याहून दीर्घायुषी असते आणि ती घालवायची तर नुसता कायदा बदलून भागत नाही, तो वेळेवर चालतो हे दिसावं लागतं. प्राधिकाऱ्यापुढचं प्रकरण वर्षभर रेंगाळलं की त्याची कथा नात्यागोत्यातली वीस घरं ऐकतात आणि वीस दारांना कुलूप लागतं.

भीतीबरोबर पैशाचा हिशेबही आहे, आणि तो तर जास्त साधा. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचं भाडं साधारण अडीच-तीन टक्के पडतं. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. मग घर कशाला घेतात? किंमत वाढेल म्हणून. सोन्याची बिस्किटं लॉकरमध्ये ठेवतात तशी ही घरं आकाशात ठेवलेली असतात. बिस्किट कोणी वापरायला देत नाही. कोरं घर विकताना भाव बरा येतो, आत भाडेकरू असेल तर गिऱ्हाईक नाक मुरडतं.

अशा वेळी करआकारणीने थोडं टोचायला हवं होतं. पूर्वी ते होतं. एका घरात स्वतः राहायचं आणि दुसरं बंद असेल तर त्या दुसऱ्या घराचं मानीव भाडं (न मिळालेलं, पण मिळालं असतं असं मानलेलं) उत्पन्नात धरून आयकर लागत असे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने दोन घरं 'स्वतःच्या वापराची' धरायला परवानगी दिली. बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटवरचं मानीव भाडं इमारत पूर्ण झाल्यापासून दोन वर्षं माफ केलं. २०२५ मध्ये उरलीसुरली अटही ढिली झाली. मालक त्या दुसऱ्या घरात का राहत नाही, याचं कारण आता विचारलंच जात नाही. हे सगळं मध्यमवर्गाला दिलासा म्हणून झालं आणि टाळ्या घेऊन झालं. त्याच मध्यमवर्गातला तिशीतला मुलगा पगाराचा निम्मा भाग भाड्यात घालतो, त्याच्याविषयी त्या भाषणांत शब्द नव्हता. भाड्याने दिलं तर मिळालेल्या भाड्यावर कर, सोसायटीचं शुल्क, मुद्रांक, ब्रोकर. बंद ठेवलं तर फक्त मेंटेनन्स.

खाजगी मालकाच्या कुलपाबद्दल एवढं बोलल्यावर सरकारी कुलपांकडे वळलंच पाहिजे, कारण माझ्या मते खरी लाज तिथे आहे. खाजगी मालकाला निदान भीती तरी आहे.

चेंबूरजवळचं माहुल घ्या. विकासकामांमुळे विस्थापित होणाऱ्यांसाठी तिथे तेरा हजारांच्या आसपास घरं बांधली गेली, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर माणसांना तिकडे पाठवलं. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने आधीच चिंता व्यक्त केली होती. माणसं आजारी पडली, रस्त्यावर आली, कोर्टात गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाही तर घरभाड्यासाठी महिना १५ हजार रुपये द्या. म्हणजे सरकारी घर रिकामं आणि त्या घराच्या हक्कदाराला बाहेर भाड्याने राहायला सरकारी पैसे. २०२५ मध्ये तिथली सुमारे नऊ हजार घरं पडून होती आणि महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत साडेबारा लाखांत पक्कं घर! एरवी या भावाला गाडी लावायची जागाही मिळत नाही. तरी अर्ज करणारे थोडेच निघाले. स्वस्त म्हणून माणूस कुठेही राहील, हा आपल्या धोरणाचा लाडका समज माहुलने पार उघडा पाडला.

पनवेलजवळच्या कोनची गोष्ट आणखी वळणाची. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना आणली. कल्पना उत्तम होती: बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा द्यायची, त्याच्याकडून १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून घ्यायच्या, आणि गरिबांना माफक भाड्याने द्यायच्या. स्वतंत्र भारतात मुंबई परिसरात सरकारने भाड्याच्या घरांचा इतका थेट विचार क्वचितच केला असेल. बिल्डरांनी एफएसआय घेतला, खोल्या उभ्या राहिल्या, पण त्या भाड्याने द्यायच्या कोणी, सांभाळायच्या कोणी, भाडं गोळा करायचं कोणी, हे कोणीच ठरवलं नाही. घरं बांधणाऱ्या यंत्रणेला घरं चालवता येत नाहीत. काही वर्षांत योजनेचं नावच बदललं. कोनमधल्या अशा खोल्या दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांची घरं केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत निघाली. ताबा मिळण्याआधी करोना आला, इमारती विलगीकरणासाठी गेल्या, परत आल्या त्या मोडक्या दारा-खिडक्यांनिशी. मग दुरुस्ती कोणी करायची यावर दोन सरकारी यंत्रणांमध्ये वर्षानुवर्षं पत्रापत्री. ज्यांचा नंबर लागला होता त्यांची गिरणी १९८२ च्या संपाबरोबर गेली होती. त्यांतले किती जण ताबापत्र हातात घ्यायला उरले असतील, याचा विचार करवत नाही.

विरार-बोळींजला म्हाडाने हजारो घरं बांधली आणि त्यांतली पाच हजारांहून जास्त वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत. सोडती काढून झाल्या, 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' झालं. कारण विचारलं तर रहिवासी आधी पाण्याचं नाव घेत. मुंबईतल्या म्हाडाच्या घरासाठी लाखाने अर्ज येत आणि इथे कुत्रं फिरकत नव्हतं, हे एकाच संस्थेत घडत होतं. म्हणजे लोकांना घर नको आहे असं नाही. घराबरोबर पाणी, लोकल आणि काम येतं की नाही, हे ते बघतात. याउलट मोडकळीस आलेल्या इमारतींतल्या रहिवाशांना हलवतात ती संक्रमण शिबिरं बघा. तिथे 'तात्पुरते' आलेले लोक तीस-तीस वर्षं राहताहेत, नातवंडं तिथेच जन्मली, आणि मूळ इमारतीच्या जागी कधी टॉवर उभा राहिला तर कधी नुसतं गवत.

हा केवळ मुंबईचा रोग नाही हेही सांगितलं पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे पायी गावी निघाले तेव्हा केंद्राला भाड्याच्या घरांची आठवण झाली. जुन्या योजनांतली सरकारची स्वतःची सुमारे ८३ हजार घरं देशभर रिकामी होती, ती भाड्याने द्यायचं ठरलं. पुढच्या काही वर्षांत भाड्याच्या घरांत रूपांतर झालं ते जेमतेम साडेपाच हजारांचं.

आणि आता नवं धोरण. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने अठरा वर्षांनी गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 'माझे घर, माझे अधिकार' हे त्याचं नाव, आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरं हे उद्दिष्ट. त्यात भाड्याच्या घरांचा, नोकरदार महिलांच्या, विद्यार्थ्यांच्या निवासाचा उल्लेख आहे, तो स्वागतार्ह आहे. पण मथळा ३५ लाखांचा. घर बांधलं की धोरण संपलं, ही आपली जुनी खोड. बांधण्यात एफएसआय आहे, निविदा आहे, भूमिपूजन आहे. रिकामं घर भरण्यात कोणाचा फोटो येत नाही. नवी घरं नकोत असं मी म्हणत नाही, दाटीवाटीच्या या शहरात ती लागणारच. परंतु गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण पाहिलंय. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला असा वाटा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तिथे उभ्या राहिलेल्या टॉवरांखालून मी रात्री नऊ-साडेनऊला अनेकदा जातो. जेवणाची वेळ, माणसं घरी असायची वेळ. खिडक्या मोजाव्यात, किती उजळलेल्या दिसतात ते बघावं. हे काही शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे, पण डोळे सगळ्यांना आहेत.

बंद घरांवर कर लावा, असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: ओळखणार कसं? इन्स्पेक्टर दारोदार फिरायला लागला तर कर राहील बाजूला आणि हप्ता सुरू होईल. प्रश्न रास्त आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर लावला. सुरुवातीला घराच्या मूल्याच्या एक टक्का, २०२१ पासून तीन टक्के. त्यांनी इन्स्पेक्टर फिरवले नाहीत. प्रत्येक मालकाने दरवर्षी स्वतःच जाहीर करायचं की घर वापरात आहे की नाही. जाहीर केलं नाही तर रिकामं धरणार, खोटं सांगितलं तर तपासणी आणि दंड. मालक वारला असेल, घराची मोठी दुरुस्ती चालू असेल, म्हातारं माणूस शुश्रूषागृहात असेल, तर सूट. काही वर्षांत तिथल्या रिकाम्या घरांची संख्या निम्म्याहून खाली आली. तिथली भाडी मात्र स्वस्त झाली नाहीत, हेही खरं. एका कराने शहर स्वस्त होत नसतं.

मुंबईत घरोघरचा वीजमीटर, मालमत्ता कराचं खातं आणि भाड्याने दिलं असेल तिथे नोंदणीकृत करार अशी कागदपत्रं आधीच आहेत. ती एकमेकांसमोर ठेवायची इच्छा नाही, एवढंच. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, पण ते घर राहतं आहे की कुलूपबंद, हा प्रश्न माफी देताना विचारला गेला नाही. तिथून सुरुवात करावी: छोट्या घराची माफी वापरात असलेल्या घरालाच. दुसरं, तिसरं घर सलग दोन वर्षं बंद असेल तर मालमत्ता कर दीडपट, मग दुप्पट. गावाकडे वर्षातले चार महिने राहणाऱ्या सेवानिवृत्ताचं एकुलतं एक घर यात येऊ नये. वारसाहक्काच्या भांडणातलं घर काही वर्षं सोडून द्यावं, पण कायमचं नाही. भावाभावांची भांडणं कराच्या भीतीने मिटली तर वाईट काय?

नुसत्या चाबकाने मात्र दार उघडणार नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. डिपॉझिट दोन महिन्यांपुरतं, वादांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण आणि न्यायालय. मुंबईत त्याला विरोध झाला तो गिरगाव-काळबादेवी-लालबागच्या पागडीच्या भाडेकरूंकडून, आणि त्यांची धास्ती मला पटते. चार पिढ्या ज्या खोलीत गेल्या ती बाजारभावाच्या तोंडी जाईल, असं त्यांना वाटलं. मग ते पान सरळ वेगळं करा. १९९९ च्या कायद्याखालचे जुने भाडेकरू जिथे आहेत तिथे, आणि नव्या करारांसाठी नवी व्यवस्था. दोघांना एकाच गाठोड्यात बांधलं की दोन्हीकडचे लोक घाबरतात आणि काहीच हलत नाही.

या नव्या व्यवस्थेत भाडेकरूची बाजूही धरावी लागेल. त्या दोन परिचारिकांना आमच्या इमारतीत घर मिळालं नाही, याचं दुसरंही एक कारण होतं जे मी वर सांगायचं टाळलं. कमिटीतल्या एकाने आधीच विचारलं होतं, "मुलींच्या रात्रपाळ्या असणार, येणं-जाणं कसं बघायचं?" मी सेक्रेटरी होतो आणि तेव्हा गप्प बसलो. या शहरात आडनाव ऐकून, स्वयंपाकघराचा वास विचारून, लग्न झालंय का ते बघून घर नाकारलं जातं, आणि सोसायटीच्या एनओसीच्या आडून हे चालतं. लिव्ह अँड लायसन्सवर घर देताना सोसायटीला कळवणं पुरे, परवानगीचा प्रश्नच येऊ नये, हे सहकार खात्याने ठणकावून सांगायला हवं. नाही तर करामुळे उघडलेलं दार कमिटी लावून घेईल.

सरकारने स्वतःच्या घरांपासून सुरुवात करावी हे तर सांगायलाच नको. म्हाडा, एमएमआरडीए, महापालिका, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांच्याकडे आज किती घरं कुलपात आहेत, प्रत्येक इमारत कुठे आहे आणि का बंद आहे, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करायला कोणत्याही कायद्याची गरज नाही. सोडतीत न विकलेलं घर दोन वर्षांनंतर भाड्याने द्यायलाच हवं, आणि ते चालवायला घरं बांधणाऱ्या खात्याहून वेगळी, भाडं गोळा करणारी, नळ दुरुस्त करणारी, कंटाळवाणं काम आनंदाने करणारी यंत्रणा हवी. माहुलसारख्या ठिकाणी माणसं पाठवू नयेत, एवढं शहाणपण त्या यादीतूनच येईल. काही घरं रिकामीच राहायला हवी होती.

सेक्रेटरी म्हणून शेवटच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला: वर्षभराहून जास्त बंद असलेल्या घरांना बिनभोगवटा शुल्काइतकीच रक्कम लावावी आणि भाड्याने दिलेल्यांची माफ करावी. ऑडिटरने सांगितलं की उपविधीत बसत नाही, निबंधक मान्य करणार नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला होता. आणखी सहा हात होते. बंद घरांच्या मालकांपैकी सभेला कोणीच नव्हतं, पण चौघांचे ई-मेल आले होते, विरोधाचे. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला. या जूनमध्ये काकूंनी पुन्हा बादली लावली आहे.